गुणगुणमीमांसा

अनुबंध

कोणतेही शास्त्र मांडण्यापूर्वी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन हे चार अनुबंध सांगून टाकावेत, असा आपल्याकडचा जुना दंडक आहे. तो पाळून सुरुवात करू.

प्रस्तुत शास्त्राचा विषय: व्हॉल्व्हवर चालणाऱ्या हेडफोन अ‍ॅम्प्लिफायरातून गाण्याखेरीज जे जे ऐकू येते ते सर्व. अधिकारी: खिशातल्या मोबाईलमधून मुळीच न गुणगुणणारा आवाज फुकट मिळत असताना, गुणगुणणारा आवाज पैसे मोजून घरी आणणारा मनुष्य. संबंध: या मनुष्याचा त्याच्या कुटुंबाशी असलेला; तो या छंदात थोडा ताणला जातो. प्रयोजन: काहीही नाही. हे चौथे कलम मान्य नसेल त्याने पुढे वाचण्याची तसदी घेऊ नये.

स्थळ नळदुर्ग, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव. स्थळ सांगणे भाग आहे, कारण गुणगुण विजेवर अवलंबून, वीज डीपीवर अवलंबून, आणि डीपी कुणाच्या शेतात आहे व तिथे किती मोटारी चालू आहेत यावर बाकी सगळे अवलंबून. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून सिद्ध केलेले सिद्धांत बोरी नदीच्या काठी टिकत नाहीत.

पूर्वसूरींची मते

या शास्त्रात नळदुर्गाचे स्थान कोणते, याविषयी विद्वानांत दोन तट आहेत. (विद्वान म्हणजे संध्याकाळी चहाला जमतात ते.)

पहिला तट प्राचीनवाद्यांचा. त्यांचे म्हणणे असे: नळदुर्गचा किल्ला आणि त्याचा जोडकिल्ला रणमंडळ यांना जोडणारा बंधारा व त्याच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ मध्ये झाला. हा बादशहा गाण्याचा इतका वेडा, की दख्खनीत स्वतः पदे रचून त्याने 'किताब-ए-नौरस' सिद्ध केला आणि आपल्या तंबोऱ्याला मोतीखान असे नाव ठेवले. अशा माणसाच्या राज्यात बांधलेल्या धरणाला सांडवे दोन, एक नर आणि एक मादी. पावसाळ्यात धरण भरले की पाणी या दोन वाटांनी कोसळते. म्हणजे चॅनेल दोन झाले. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला तो १९३१ साली. म्हणजे नळदुर्ग त्याच्या ३१८ वर्षे पुढे. शिवाय पाणीमहालात उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून नदी जाते आणि त्याच्या अंगावर थेंब पडत नाही. बाहेर प्रचंड नाद, मध्ये एकटा श्रोता, आणि तो कोरडा: हेडफोनची याहून नेमकी व्याख्या अजून कोणी केलेली नाही, असा या तटाचा दावा आहे.

दुसरा तट अर्वाचीनवाद्यांचा. पाण्याचा खळाळ हा विजेचा ध्वनी नव्हे, म्हणून तो या शास्त्राच्या कक्षेबाहेर आहे, असे ते म्हणतात. १८५३ च्या तहानंतर हा मुलूख काही वर्षे इंग्रजांकडे गेला आणि मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी इथे राहून कारभार पाहू लागला. पण त्या काळी नळदुर्गात वीज नव्हती, सबब गुणगुणही नव्हती. या तटाच्या मते खरा आरंभ १३ सप्टेंबर १९४८ चा. त्या दिवशी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय फौजेने बोरी नदीवरचा पूल साबूत ताब्यात घेतला आणि नळदुर्ग निजामाच्या हातून गेले. त्या काळचे लष्करी वायरलेस सेट व्हॉल्व्हवरच चालत. तेव्हा या परिसरात एका दिवसात जेवढे व्हॉल्व्ह तापले तेवढे पुढे कधी तापले नसावेत.

योगायोग असा, की त्याच वर्षी जूनअखेरीस अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजने ट्रान्झिस्टर जगापुढे मांडला. निजामाच्या आणि व्हॉल्व्हच्या अशा दोन्ही राजवटींना एकाच वर्षी सुरुंग लागला. निजामाची पाच दिवसांत आटोपली. व्हॉल्व्हची आमच्या माळवदावरच्या खोलीत अद्याप चालू आहे.

पदार्थविचार

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची कुपी. आत एक तार तापवतात, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या पत्र्याकडे धावतात. १९०४ साली फ्लेमिंगने एवढ्यावर काम भागवले. दोन वर्षांनी ली डी फॉरेस्टला वाटेत एक जाळी बसवण्याची बुद्धी झाली. जाळीवर बारीकसा विद्युत्-दाब कमीजास्त केला, की पलीकडचा मोठा प्रवाह त्याच तालावर कमीजास्त होतो. जगातले सगळे वर्धन एवढ्या एका जाळीतून निघाले. नाक्यावरचा हवालदार हात किंचित वर करतो आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक थांबतात, त्यातलाच हा प्रकार.

कुपीच्या डोक्याशी आतून एक चंदेरी डाग असतो. तो बेरियमचा. उरलीसुरली हवा गिळण्यासाठी तो तिथे ठेवलेला असतो. डाग चंदेरी आहे तोवर व्हॉल्व्ह जिवंत असण्याची आशा. तो पांढराफटक पडला, की काचेला तडा जाऊन हवा आत शिरली असे समजावे आणि पुढील संस्कार करावेत.

आपल्या देशात बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने, म्हणजे 'बेल'ने, रेडिओचे व्हॉल्व्ह भरपूर बनवले. पाठीमागे दिवे लावल्यासारखा उजेड पडणारे मर्फी आणि बुश रेडिओ ज्यांच्या घरी होते, त्यांना व्हॉल्व्ह तापेपर्यंत बातम्यांचा पहिला मथळा हुकतो हे ठाऊक आहे. आज त्याच बेलच्या जुन्या, खोक्यातून न काढलेल्या व्हॉल्व्हना परदेशातले शौकीन विचारत येतात. इथे मात्र ते आजोबांच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांशेजारी सापडतात.

आता एक सावधगिरीचा परिच्छेद. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरांत पुष्कळदा व्हॉल्व्ह पुढे शोभेला किंवा नाममात्र कामाला, आणि खरे ओझे मागे ट्रान्झिस्टर वाहत असतात. त्यातही काही कारागीर व्हॉल्व्हच्या बुडाखाली नारिंगी एलईडी बसवतात, म्हणजे गिऱ्हाइकाला तो धगधगताना दिसतो. परीक्षा सोपी आहे. खरा हीटर हळूहळू लाल होतो आणि बंद केल्यावर हळूहळू विझतो. जो क्षणात पेटतो आणि क्षणात विझतो तो दिवाळीच्या माळेतला.

गुणगुणीचे स्वरशास्त्र

गुणगुण ही सर्वांत थोर बाधा, म्हणून तिचा विचार आधी.

आपली वीज सेकंदाला ५० वेळा आंदोलने घेते. अ‍ॅम्प्लिफायरातला रेक्टिफायर तिला सरळ करताना दोन्ही बाजू वापरतो, म्हणून मागे उरणारी लाट १०० आंदोलनांची. यावरून पहिले निदान: गुणगुण १०० ची असेल तर आतले फिल्टर कपॅसिटर थकले आहेत; ५० ची, म्हणजे बरोबर एक सप्तक खालची असेल, तर दोष अर्थिंगचा, हीटरच्या तारांचा किंवा शेजारच्या ट्रान्सफॉर्मरचा. तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेला पण पेटीवर बोटे फिरवलेला माणूसही हे निदान करू शकतो. १०० आंदोलने म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. पेटीवर तो स्वर धरावा, त्याखालचाही धरावा, आणि कान द्यावा.

इथे एक गंभीर सांगीतिक प्रश्न उभा राहतो. गायक काळी एकमध्ये गात असेल, तर ही १०० आंदोलने त्याच्या तीव्र मध्यमाच्या वर आणि पंचमाच्या खाली कुठेतरी पडतात. असा स्वर कोणत्याच रागात नाही. मारवा ऐका, यमन ऐका, महावितरणाचा हा आगंतुक स्वर सगळीकडे विवादीच. उलट पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंना हीच गुणगुण षड्जाची साथ करते, फक्त कणभर चढी. तंबोरा चढा लागला तर खुंटी पिळता येते. ही खुंटी मात्र राष्ट्रीय ग्रिडच्या हाती आहे, आणि ग्रिड ती ४९.९० ते ५०.०५ यांच्यामध्ये ठेवण्याची खटपट करते.

आणि याच ठिकाणी आमच्या भागाचे खरे माहात्म्य आहे. दक्षिणेतली ग्रिड फार वर्षे उर्वरित देशापासून वेगळी चालत असे. तिची आंदोलने तिची, आपली आपली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि सारा देश एका वारंवारतेवर आला. सरकारी पत्रकांत याचे वर्णन वीजटंचाईच्या भाषेत आहे. या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर त्या दिवसापर्यंत सोलापूरची गुणगुण आणि हैदराबादची गुणगुण एका सुरात नव्हत्या. दोघींचा मेळ बसला तो नळदुर्गाच्या उशाशी. याचा शिलालेख अजून कोणी कोरलेला नाही.

दोषांचे वर्गीकरण

गुणगुणीखेरीज आणखी चार बाधा प्रसिद्ध आहेत.

खरखर. आवाजाचे बटण फिरवताना येते आणि फिरवणे थांबवले की थांबते. पोटेन्शिओमीटरच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली, एवढेच त्याचे कारण. मराठवाड्यात उन्हाळ्यात धूळ कशावर बसत नाही? काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारावा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळदा फिरवावे.

टणत्कार. व्हॉल्व्हवर पेन्सिलीने टिचकी मारली की कानात घंटा वाजते. आतली जाळी सैल झाली, ती हलते आणि प्रत्येक हालचाल ऐकवते. अशा व्हॉल्व्हला माळवदावरून कोणी चालत गेलेले कळते. मांजराच्या जाण्यायेण्याची नोंद ठेवायची असेल तर हा दोष राहू द्यावा.

टरटर. अ‍ॅम्प्लिफायरशेजारी साधा टूजी मोबाईल ठेवला की तो वाजण्याच्या आधी टरटरतो. हा दोष अ‍ॅम्प्लिफायरचा नव्हे. जुना टूजी फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्यातुकड्यांनी बोलतो, ते बोलणे व्हॉल्व्ह ऐकतो. मोबाईल उचलून दुसऱ्या खोलीत ठेवावा. फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरही असाच चहाडखोर. फॅन पाचावर करून पाहावा, टरटर थांबली तर चोर सापडला.

धप्प. चालू करताना किंवा बंद करताना कानावर पडणारी थाप. ज्या अ‍ॅम्प्लिफायरांत शेवटी ट्रान्सफॉर्मर नसतो, त्यांत ती जोरात बसते. इलाज एकच: व्हॉल्व्ह तापेपर्यंत हेडफोनचा जॅक बाहेर.

प्रमाणविचार

दोष ओळखायचा कसा? आपल्या नैयायिकांनी ही सोय अगोदरच करून ठेवली आहे. जिथे धूर तिथे आग, असे पर्वताकडे पाहून अनुमान करायला ते शिकवतात. अ‍ॅम्प्लिफायरातून धूर निघाला तर मात्र अनुमानात वेळ घालवू नये, प्लग काढावा.

एरवी अन्वय-व्यतिरेक हे शस्त्र पुरते. डाव्या कानात खरखर येते आहे असे समजा. यंत्र बंद करून, थंड होऊ देऊन, डावा आणि उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल करावा. खरखर उजव्या कानात गेली तर दोष व्हॉल्व्हचा. ती डावीकडेच राहिली तर व्हॉल्व्ह निर्दोष. मग डावी-उजवी वायर बदलावी. मग हेडफोन उलटा घालावा. सगळे बदलूनही खरखर डाव्याच कानात राहिली, तर कानाच्या डॉक्टरकडे जावे. लॅपटॉपवर गाणे लावले असता गुणगुण येत असेल तर त्याचा चार्जर काढून पाहावे. ती थांबली तर दोष दोन अर्थिंगांच्या भांडणाचा.

शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे वचन. या शास्त्रात आप्त म्हणजे आमच्या गावातले एक चाचा. रेडिओच्या काळापासून त्यांच्या हाताला सोल्डरचा वास आहे. एकदा मी नवा व्हॉल्व्ह मागवण्याच्या बेताने, फडफडणारा जुना घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी तो उजेडात धरला, डोक्यावरचा चंदेरी डाग पाहिला आणि उलटा केला.

"गुरुजी, ह्येला काय झालं नाही. ह्येचे पाय मळलेत बघा."

"मग नवा घेऊ नको म्हणता, चाचा?"

"नवा घ्या की. पण आधी पाय पुसून बघा. नव्याचेबी मळणारच हैत."

नऊ पायांच्या व्हॉल्व्हला पायांसाठी खरे तर दहा जागा असतात, दहावी मुद्दाम रिकामी. तिच्यामुळे तो उलटा बसत नाही आणि पायांची मोजदादही तिच्यापासून सुरू होते. चाचांनी शाळेच्या पोराचा खोडरबर घेतला, प्रत्येक पाय चिमटीत धरल्यासारखा त्याने घासला, काळपट कणी फुंकून टाकली, मग कापसाच्या काडीला स्पिरिट लावून एकेक पाय पुसला. पॉलिशपेपर त्यांनी हातात घेतला नाही. त्याने पायावरचा मुलामा जातो आणि पाय पुन्हा लवकर काळा पडतो. बसवताना व्हॉल्व्ह सरळ खाली दाबला. काढतानाही सरळच वर ओढायचा. डुलवून उपटला की पायाशी काच तडकते. फडफड गेली.

इष्ट दोष

आता मुख्य सिद्धांत. एवढे सगळे दोष हुसकावायचे, मग व्हॉल्व्हच का ठेवायचा? कारण व्हॉल्व्ह स्वतःच एक दोष आहे.

व्हॉल्व्ह आवाज जसाच्या तसा मोठा करत नाही, त्यात थोडी भर घालतो. एकच जाळी असलेल्या व्हॉल्व्हची, म्हणजे ट्रायोडची, भर मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची असते, म्हणजे मूळ स्वराच्या दुपटीची. खर्ज वाजला तर वरचा सा हलकासा सोबतीला येतो. गणिताच्या दृष्टीने ही विकृती. मीटर तिला टक्क्यांत मोजतो आणि त्यावर नाक मुरडतो. पण तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी दुसरे काय? मिरजेचा कारागीर घोडीवर घासून घासून आणि सुताचा धागा सरकवून तारेतून वरचे स्वर बाहेर काढतो. शुद्ध, एकपदरी तार त्याला बेसूर नाही तरी मुकी वाटते.

म्हणून या शास्त्रात दोषांचे दोन वर्ग: इष्ट आणि अनिष्ट. वरचा सा इष्ट, तो राहावा. तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये बसलेली वीज अनिष्ट, ती जावी. दोन्ही त्याच कुपीतून, त्याच तारेतून, त्याच वेळी येतात. एकाला पाट आणि दुसऱ्याला दार, एवढे ज्याला साधले तो दर्दी. जो दोन्ही घालवतो त्याच्यासाठी मोबाईल पुरेसा आहे. जो दोन्ही ठेवतो त्याला माझे कुटुंब विचारते, "अहो, गाणं लावलंय की पिठाची गिरणी?"

आस्वादविचार

हेडफोन आणि अ‍ॅम्प्लिफायर यांची पत्रिका जुळली पाहिजे. शेवटी ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा अडथळा पुष्कळदा शंभर ओहमच्या घरात असतो. त्याला सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन मानवतो. ३२ ओहमचा जोडला की तबल्याचा बायाँ पोकळ होतो, कुठे फुगतो, कुठे बसतो. हेडफोनचा अडथळा अ‍ॅम्प्लिफायरच्या काही पट असावा, हा ढोबळ नियम पत्रिकेच्या गुणांपेक्षा जास्त भरवशाचा आहे.

मग व्हॉल्व्ह बदलून पाहण्याचे व्यसन लागते. ईसीसी८२, ८१ आणि ८३ हे तिघे भाऊ एकाच सॉकेटात बसतात, पण वर्धन अनुक्रमे सुमारे २०, ६० आणि १००. ८२ च्या जागी ८३ घातला की आवाज वाढतो, पण बटण जरासे फिरवताच पुरे होते आणि खरखर ठळक होते. ईसीसी८८ त्याच नऊ पायांचा, पण त्याच्या हीटरची जोडणी वेगळी. पाय जुळतात म्हणून नाते जुळत नाही. यंत्राच्या कागदावर लिहिलेल्याच जातीचा व्हॉल्व्ह घालावा. या एका बाबतीत शास्त्र सनातनी आहे.

ऐकण्याची वेळ रात्री अकरानंतरची. विजेवरचा भार उतरून व्होल्टेज सावरलेले असते. संध्याकाळी दाब खाली जातो तेव्हा हीटर मंद पडतो, आवाज मऊ पण थकलेला येतो. स्टॅबिलायझर ठेवलेला बरा. आणि लाईट मधेच गेली तर एक विशेष अनुभव मिळतो: पंखा थांबतो, गल्ली अंधारते, पण व्हॉल्व्ह आणि कपॅसिटर उरलेल्या विजेवर आणखी काही क्षण गातात, तान हळूहळू खाली बसत जाते. ट्रान्झिस्टरच्या रसिकाला हे भाग्य सहसा लाभत नाही.

निर्णय

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष करू नये; त्यातला एक दोष राखावा आणि बाकीचे काढावेत. काढताना क्रम असा ठेवावा: आधी मोबाईल, मग पंख्याचा रेग्युलेटर, मग चार्जर, मग व्हॉल्व्हचे पाय, आणि सगळ्यात शेवटी नवा व्हॉल्व्ह. यंत्राचे झाकण स्वतः उघडू नये. आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही दोनशे व्होल्ट आणि कधी त्याहून जास्त धरून बसलेले असतात, आणि त्यांना शास्त्रार्थ कळत नाही. ते काम जाणकाराचे. बाकीचे सारे काम खोडरबराचे, आणि तो कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात पाच रुपयांना मिळतो.